एकुलती धाकटी

बाबा : हा नाही गं. हा भाजी चिरायचा. माझा चाकू दे, कलमाचा. कपाटाच्या तिसऱ्या खणात आहे, फडक्यात गुंडाळलेला.

धाकटी : कलमाचा चाकू कशाला? सहा वर्षं झाली डोळे जाऊन. बोट कापून घ्याल आणि पट्टी बांधायला मी.

बाबा : माझी बोटं मला माहीत आहेत. दे.

धाकटी : घ्या. याला धार कोणी लावली?

बाबा : शेजारच्या सुतारानं. परवा तू बाजारात गेलीस तेव्हा आला होता वर.

धाकटी : मला बोलला नाही तो. काल तासभर फाटकाशी उभा होता. सुनेपासून गुडघ्यापर्यंत सगळं सांगून झालं, एवढंच राहिलं.

बाबा : मीच म्हटलं होतं, बोलू नको. त्याच्याच फोनवरून फोन केला मी, फळ संशोधन केंद्रावर. तिथल्या बाई येतायत आज, थोरलीच्या काड्या न्यायला.

धाकटी : आज?

बाबा : दहापर्यंत. माझा तो इस्त्रीचा सदरा काढून ठेव.

धाकटी : बाबा, बारा वर्षं पत्रं येतायत त्या केंद्राची. कलम बांधण्यापुरते डोळे द्या झाडाचे, जात टिकेल, असं हात जोडून लिहितात. तुम्ही एकाला उत्तर दिलं नाहीत. आधीचे साहेब स्वतः आले होते, तर त्यांना फाटकातूनच विचारलंत, मी तुमची मुलगी मागायला आलो तर द्याल का. बिचारे चहा न घेता गेले. आणि आज तुम्ही बोलावणं धाडलंत?

बाबा : माणूस बदलतो.

धाकटी : माणूस बदलत असेल. तुम्ही?

बाबा : अठ्ठ्याहत्तर सरली. मी गेल्यावर थोरलीचं कसं होणार, हा घोर लागतो. तुझाही लागतो, नाही असं नाही. पण तुला पाय आहेत, तू जाशील कुठेतरी. ती कुठे जाणार? आजची फूट आण.

धाकटी : ह्या घ्या. तीन निघाल्या.

बाबा : हं. काटा आहे. पान चुरगळलं की लिंबाचा वास. पट्ट्याच्या खालच्याच ना?

धाकटी : खालच्याच. वर काटा येतो का कधी?

बाबा : काय शिकवलंय, म्हणून दाखव.

धाकटी : आता? चाळिशी उलटून गेली माझी.

बाबा : म्हण.

धाकटी : खाली खुंट रानलिंबाचा. वर डोळा संत्र्याचा. दोघांचा जोड जिथे, तिथे पांढरा पट्टा रंगवलेला. पट्ट्याच्या खाली फुटेल ते रानटी, ते रोज खुडायचं. खुंट असतो रस ओढायला, पानं मिरवायला नाही. एक फूट राहिली तरी वरचं सगळं खाते. झालं समाधान? बाकीच्या पोरी पाढे म्हणायच्या, मी हे म्हणायचे.

बाबा : पाढ्यांनी झाड जगत नाही.

धाकटी : बरं. बाई आल्या की मी देते काड्या काढून. तुम्ही इथेच बसा गॅलरीत. जिना उतरताना पुन्हा पडलात तर आता हाड जुळायचं नाही, डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय.

बाबा : पाच वर्षं बसलोय गॅलरीत. आज खाली जायचं. तिला हात लावायचाय.

धाकटी : तिला बरं नाही.

बाबा : असं? काय होतंय?

धाकटी : पानं जरा पिवळी पडलीत.

बाबा : काल तर म्हणालीस, नुसती हिरवीगार आहे, दृष्ट लागेल अशी.

धाकटी : संध्याकाळच्या उजेडात वाटली तशी.

बाबा : आणि गेल्या महिन्यात सोलून दिलीस ती संत्री? काय गोडी होती गं. थोरलीला म्हातारपणी गोडी चढली, असं मी सुतारालाही सांगितलं.

धाकटी : ती आधी उतरवलेली होती.

बाबा : मग बाईच बघतील. शिकलेल्या आहेत, का पिवळं पडलं ते सांगतील. तू कशाला घाबरतेस?

धाकटी : घाबरत नाही. मी कोण म्हणून त्या विचारतील, तर काय सांगायचं ते ठरवतेय.

बाबा : धाकटी. अख्खी गल्ली तेच म्हणते.

धाकटी : मग विचारतील, थोरली कुठे असते. सगळे विचारतात. मग मी सांगायचं की थोरली म्हणजे झाड. माझ्या आधी दीड वर्ष बाबांनी कलम बांधलं, ते लागलं, तिचं नाव थोरली. नंतर मी झाले. एकुलती एक असून धाकटी. शाळेत पोरी विचारायच्या, थोरलीचे जुने फ्रॉक तुला होतात का गं.

बाबा : गंमत होती ती. तुझी आईसुद्धा हसायची.

धाकटी : आई हसायची नाही. तुम्ही बघत नव्हतात. आणि तेव्हा डोळे होते तुम्हाला.

बाबा : सकाळी सकाळी आईला काढू नकोस.

धाकटी : तुम्ही काढलीत. ती दवाखान्यात होती आणि मी अकरा वर्षांची, तिच्या पायाशी बसलेली. तिने शेजाऱ्यांबरोबर निरोप धाडला, येऊन जा म्हणून. तुम्ही उलटा निरोप दिलात, साल सुटलीय, आठवडाभर निघता येणार नाही. शेजाऱ्यांना वाटलं, तुमचंच काही सोललं गेलं. तिला मात्र कळलं. ती म्हणाली, बरोबर आहे, साल सुटायचे दिवस आहेत. पाचव्या दिवशी गेली. तुम्ही आठव्या दिवशी आलात, नखांत चीक घेऊन.

बाबा : नवी पालवी कोवळी असते तेवढेच दिवस साल लाकडापासून सुटते. आठ दिवस, फार तर दहा. तेवढ्यात डोळा बसवला तर बसला. तुझ्या आईला डॉक्टरच काही देऊ शकत नव्हते, मी काय देणार होतो? थोरलीला देऊ शकत होतो. त्या आठवड्यात मी साठ कलमं बांधली.

धाकटी : जगलं का त्यातलं एक तरी?

बाबा : लोकांनी नेली आणि मारली. म्हणून तर नंतर काडी बाहेर जाऊ दिली नाही. फाटक वाजलं बघ. उघड जा. आणि मला हात दे.

(खाली, बागेत. बाबा खुर्चीवर बसले आहेत. केंद्रावरच्या बाई झाडाभोवती फेरी मारून आल्या आहेत.)

बाई : ताई, आपली काहीतरी गफलत होतेय. काका फोनवर ज्या झाडाबद्दल बोलले ते कुठलं?

धाकटी : हेच.

बाई : हे?

बाबा : मोठ्याने बोला बाई. डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. आणि ती ताई नाही, धाकटी आहे.

बाई : काका, या झाडाला बोटाएवढे काटे आहेत. फळं आहेत ती खडबडीत सालीची लिंबं आहेत. बुंध्यावर पांढरा पट्टा दिसतोय, पण पट्ट्याच्या वर वीतभर वाळका थोटा आहे, करवतीने कापलेला. हिरवं आहे ते सगळं पट्ट्याच्या खालून आलंय. माफ करा, पण इथे संत्रं नाही. हा नुसता खुंट आहे.

बाबा : ऐकलंस धाकटे?

धाकटी : ऐकलं.

बाबा : मग सांग त्यांना. लांबून आल्यात.

धाकटी : काय सांगू?

बाबा : जे झालं ते. पट्ट्याच्या खालचं वर कसं आलं, ते.

धाकटी : मॅडम, तुम्ही बसा. उभ्याने ऐकण्यासारखं नाही आणि बसून ऐकण्यासारखंही नाही.

बाई : मी उभी आहे ती बरी आहे.

धाकटी : पाच वर्षांपूर्वी माझी मावशी आली होती यांना भेटायला. मी चहा घेऊन दाराशी पोचले, तर हे तिला सांगत होते, काय करणार, आयुष्यात माझं एकच कलम लागलं. ही पोर म्हणजे खुंटावरची फूट. आईच्या वळणावर गेली, रस तेवढा खाल्ला, फळ नाही. मावशी हसली. यांच्या बोलण्याला हसावंच लागतं. मी कप ठेवले आणि खाली आले. खुडायची वेळ होती. एक फूट निघाली होती, चांगली जाडजूड. तिला चिमटीत धरलं आणि सोडून दिलं. मनात काही ठरवलं नव्हतं. म्हटलं, राहू दे आजच्या दिवस. दुसऱ्या दिवशी पण म्हटलं, राहू दे.

बाई : एका फुटीने एवढं मोठं झाड लगेच जात नाही. वर्षं लागतात. तेवढ्यात कधीही कापता आली असती तुम्हाला.

धाकटी : रोज सकाळी आली असती.

बाबा : आणि मला रोज तपासायला देत होतीस त्या फुटी कुठल्या?

धाकटी : कुंपणाला रानलिंबं आहेत. त्यांच्या.

बाबा : बघा बाई. कुंपणानेच शेत खाल्लं.

धाकटी : वरचं एकेक वाळत गेलं तसं मी कापत गेले. बाबा, तुमच्या आंघोळीचं पाणी इतके दिवस कशावर तापलं? थोरलीवर. तुम्हीच म्हणायचात, यंदा लाकूड बरं मिळालंय, धुराला वास आहे.

बाई : ताई, पुरे.

धाकटी : पुरे कसं? यांना सगळं ऐकायचंय. याला रानटी म्हणतात ते. या रानट्यावर बुलबुलाचं घरटं आहे, वाकून बघा. थोरलीवर औषध मारून मारून यांनी मुंगीसुद्धा चढू दिली नाही. इतकी वर्षं जमिनीतून पाणी ओढलं ते या खुंटाने, आणि त्याला एक पान धरू दिलं नाही. माती मला नावडती नाही मॅडम. या अर्ध्या एकरातलं प्रत्येक आळं मी केलंय, पालापाचोळा डोक्यावरून वाहिलाय. जमिनीशी माझं काही वाकडं नाही.

बाई : हे ऐकायला छान वाटतं. पण रानलिंबू कुठेही उगवतं, ताई. बुलबुलाला कुठलंही झाड चालतं. संत्र्याच्या बागांवर जो रोग आलाय तो तुम्हाला माहीत आहे का? उभी झाडं सहा महिन्यांत वाळतात. मी गेल्या वर्षी एका माणसाच्या सातशे झाडांवर लाल खूण केली. त्याने स्वतः ती उपटली आणि जाळली. मला पाणी विचारलं त्याने, आणि दुसऱ्या दिवशी बायकोपोरांना घेऊन गेला कुठेतरी. आता ती जमीन तशीच उघडी पडलीय, वारा वरची माती घेऊन जातो. या सगळ्यात एकच झाड ऐकिवात होतं, जे रोगाच्या मधोमध उभं राहून फळ देत होतं. तुमची थोरली. आमच्या केंद्रात तिच्या नावाची फाईल आहे, आत फक्त आमचीच पत्रं. आणि तुम्ही तिच्यावर पाणी तापवलंत.

धाकटी : मला रोगाचं माहीत नव्हतं.

बाबा : मला होतं. म्हणून म्हणतो, लिहा बाई. तुमच्याकडे नोंद असते ना, झाड गेलं तर कशाने गेलं? रोगाने लिहू नका. हिने मारली, असं लिहा. तुमच्यासमोर कबूल केलंय.

बाई : काका, एक विचारू?

बाबा : विचारा.

बाई : मी मघाशी सांगितलं की हा नुसता खुंट आहे, तेव्हा तुम्ही दचकला नाहीत. मी हे असंच दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर तो खुर्चीतून उठला असता. तुम्ही फोनवर मला म्हणालात, झाड ठणठणीत आहे, लगेच या. तुम्हाला माहीत होतं का?

बाबा : होतं.

धाकटी : काय होतं?

बाबा : सगळं. ताकास तूर लागू दिली नाही मी, एवढंच. तू मला बाजारातली संत्री सोलून देत होतीस, थोरलीची म्हणून. थोरलीच्या फळात नऊ-दहा बिया. तुझ्या फोडीत एक बी जिभेला लागली नाही. आंधळा झालोय, जिभेला काय झालंय? मग फुलं आली तेव्हा गॅलरीत वास आला तो लिंबाचा. तेव्हा उरलीसुरली शंका गेली.

धाकटी : आणि तुम्ही गोड आहे म्हणालात.

बाबा : म्हणालो. तुझा आवाज कसा होतो ते ऐकायचं होतं.

बाई : मला इथवर कशासाठी बोलावलंत मग?

बाबा : साक्षीला. घरातल्या घरात बोललो असतो तर ती रडली असती, मी ओरडलो असतो, संध्याकाळी जेवून झोपलो असतो. लेखी राहिलं पाहिजे. सरकारी कागदावर.

बाई : बी लागली नाही ते कधी?

बाबा : तीन वर्षं झाली.

बाई : तीन. ताई, तीन वर्षांपूर्वी वर काय उरलं होतं? नीट आठवून सांगा.

धाकटी : दोन फांद्या. फळ धरत नव्हती, पण एकीवर पालवी होती.

बाई : पालवी होती, म्हणजे डोळे जिवंत होते. काका, एक डोळा पुरला असता. एक. नवीन खुंटावर बसवला असता तर थोरली आज पुन्हा गुडघ्याएवढी झाली असती. ताई, तुम्हाला कलम बांधता येतं?

धाकटी : यांच्या हाताखाली शिकले. येतं.

बाई : मग का नाही बांधलंत?

धाकटी : बांधलं होतं.

बाई : केव्हा?

धाकटी : तेव्हाच. त्या दोन फांद्या बघून मी घाबरले मॅडम. तोवर नुसता राग होता, पण ती खरंच मरायला टेकली तशी माझी पाचावर धारण बसली. लहानपणी तिच्याच सावलीत झोपायचे मी, दुसरी जागाच नव्हती. म्हटलं, हिला जगवायची. गुपचूप अकरा खुंट तयार केले, तिकडे टाकीमागे. फक्त साल सुटायचे दिवस मला अजून ओळखता येत नाहीत, ते यांच्या नखालाच कळतं. म्हणून मी वर जाऊन विचारलं. सहज विचारल्यासारखं. बाबा, यंदा साल कधी सुटेल हो?

बाई : काय म्हणाले?

धाकटी : म्हणाले, अजून दोन आठवडे आहेत. मी दोन आठवडे दिवस मोजत बसले. मग अकरा डोळे बांधले, यांनी शिकवलं तसे, श्वास रोखून. साल चिकटून बसली होती, फाटत होती. एकही लागला नाही. मला वाटलं, माझाच हात वाईट. हे लहानपणापासून तेच म्हणायचे.

बाई : काका, कुंपणाच्या फुटी रोज तुमच्या हातात यायच्या. त्यांची साल सुटते का चिकटते, ते तुम्हाला बोटांनी कळत असणार.

बाबा : कळतंच.

बाई : ही विचारायला आली त्या दिवशी?

बाबा : सुटत होती. मोज्यासारखी उतरत होती.

बाई : आणि तुम्ही दोन आठवडे सांगितलेत. चुकून?

बाबा : माझ्या बोटांची चूक होत नाही बाई.

धाकटी : बाबा?

बाबा : का विचारतेस ते कळलं मला. दोन वर्षं माझ्या तोंडावर खोटं बोलायचं, आणि मग गुपचूप नवी थोरली उभी करून सुटायचं. मी म्हणणार काय, तर काही झालंच नाही. तसं सुटू द्यायचं नव्हतं तुला. तू येऊन सांगायला हवं होतंस. बाबा, मी मारली, आता जगवायला मदत करा. एवढं म्हणाली असतीस तर मी त्याच दिवशी पालखी करून खाली आलो असतो.

धाकटी : आणि सांगितलं नाही म्हणून?

बाबा : म्हणून मीही खरे दिवस सांगितले नाहीत.

बाई : मी बारा वर्षं या झाडासाठी पत्रं लिहितेय. आधीच्या साहेबांच्या सह्या होत्या, मजकूर माझा असायचा. आता ऐकते ते हे, की बापाला मुलीचा गुन्हा हवा होता आणि मुलीला बापाचं झाड. आणि मधल्यामध्ये ते गेलं, कोणालाच नको असल्यासारखं. तुम्ही दोघांनी मिळून. घरात कुत्रं मेलं तरी माणसं एक दिवस धड जेवत नाहीत, आणि तुम्ही इथे हिशोब चुकता करताय.

बाबा : तुम्हाला बोलायचा हक्क आहे. बोला.

बाई : मला बोलायचं नाही. मी नोंद करते आणि जाते. झाड नष्ट, वाण संपला. कारणाच्या रकान्यात दोन नावं येतील. तुमचं पत्त्यावर आहे, काका. ताई, तुमचं नाव?

बाबा : धाकटी लिहा.

बाई : असं चालत नाही काका. शाळेच्या दाखल्यावरचं नाव लागतं. काय आहे तिचं नाव?

धाकटी : यांना विचारू नका मॅडम. ते आईने ठेवलं होतं आणि आईच घ्यायची. कागद इकडे द्या, मी लिहिते. सही कुठे? दोन्ही ठिकाणी?

बाई : खालीच. बास. टाकीमागचे ते अकरा खुंट आहेत अजून?

धाकटी : आहेत. हवे तर घेऊन जा.

बाई : खुंट घेऊन काय करू? बसवायला काय आहे माझ्याकडे? येते मी.

बाबा : गेल्या?

धाकटी : गेल्या. फाटक उघडंच टाकून गेल्या.

बाबा : लिहिलं ना त्यांनी?

धाकटी : लिहिलं. तुमचंही लिहिलं.

बाबा : लिहू दे. मला उभा कर. झाडाशी ने.

धाकटी : काटे आहेत. जपून. हा पट्टा. आणि हा थोटा.

बाबा : करवत कुठली वापरलीस? किती खरबरीत कापलंस.

धाकटी : सुताराची. त्याला म्हटलं, बाबांना पाहिजे.

बाबा : तो म्हणाला होता मला. तेव्हा फांदी कापायला नेली, आता बुंध्याला नेली, सगळं सांगायचा. त्याची करवत परत गेली की मी मनात एक फांदी कमी करायचो.

धाकटी : त्यालाही माहीत होतं, म्हणजे. आणि मी आपली इकडून तिकडून काटेरी फुटी गोळा करत फिरतेय. बाबा, तुम्ही थोरलीसाठी आईला एकटं जाऊ दिलंत. माझं शिक्षण सोडवलंत, कारण मी शिकायला गेले की पाण्याची पाळी चुकायची. बघायला आलेल्या माणसांना तुम्ही बागेतूनच परत पाठवलंत, खुडायला कोण राहील म्हणून. मग थोरलीला कशासाठी सोडलंत?

बाबा : तुला धडा शिकवायला.

धाकटी : मला?

बाबा : मग कोणाला? रोज सकाळी तू ती फूट हातात द्यायचीस. मी काटा चाचपायचो आणि मनात म्हणायचो, आज बोलेल. आज बोलेल. संध्याकाळपर्यंत कान लावून बसायचो, तू जिन्यावर पाऊल टाकलंस की वाटायचं, आली सांगायला.

धाकटी : तीन वर्षं?

बाबा : एक दिवस चुकला नाही.

धाकटी : म्हणजे तीन वर्षं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, तुम्ही माझाच विचार करत होतात.

बाबा : रागाने.

धाकटी : रागाने तर रागाने, बाबा. हात द्या, ऊन वर आलंय.